बेलाला काय म्हणायचं

बेला आमच्यात आली त्या दिवसापासून मी तिला पाण्यात पाहत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की रोझमेरीने स्वतःच्या सोयीचं तेवढंच सांगितलं.

तिच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, हाच मोठा वैताग होता. छत्तिशीची, सावळी, अंगाने काटक, केसांचा घट्ट अंबाडा. राजोडीची. वडिलांची होडी होती. आई लवकर गेली आणि पाठच्या दोन भावांचं करता करता हिचं लग्नाचं वय निघून गेलं. शाळांचे गणवेश शिवून तिने घर चालवलं. भाऊ मार्गी लागले, वडील वारले, आणि मग कोणीतरी तिला क्लेमेंटचं स्थळ सुचवलं. क्लेमेंट म्हणजे माझा मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा, ॲंजेलाचा नवरा. ॲंजेला त्या लग्नाच्या दोन वर्षं आधी डेंग्यू होऊन पाच दिवसांत गेली होती. मागे राहिला होता मर्विन, जेमतेम चार वर्षांचा.

क्लेमेंट वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आठवड्याला पाळी बदलणार, पापडीच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही. त्यामुळे अंत्यविधी झाला त्याच संध्याकाळी मी मर्विनला माणिकपूरला माझ्या घरी घेऊन आले. कोणी मला विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. माझी ब्रिटनी तेव्हा दहावीला होती, तिला आता आई नको होती, मोबाइल हवा होता. एडवर्ड, माझा नवरा, म्हणाला की आता पुन्हा घरात दूध जास्त घ्यावं लागणार. त्याची नाराजी तेवढीच.

दोन वर्षं मर्विन माझा होता. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्याच शाळेत त्याला बालवर्गात घातलं. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाखाली बसून डबा खायचा. आईबद्दल त्याने पहिल्या महिन्यानंतर काही विचारलं नाही, पण झोपताना माझ्या गाऊनचं टोक मुठीत घट्ट धरायचा. आणि अंथरूण ओलं करायचा. दोन वर्षं रोज सकाळी मी त्याची चादर धुतली, रबराचं कापड पुसून उन्हात टाकलं. डॉक्टर म्हणाले, पोराने धसका घेतलाय, वेळ द्या. मी वेळ दिला. कंटाळले असेन, पण खरं सांगायचं तर त्या ओल्या चादरीचाही मला एक अभिमान होता. एवढं त्याचं दुसरं कोण करणार होतं?

ऑक्टोबरच्या शेवटी पापडीच्या चर्चमध्ये क्लेमेंट आणि बेलाचं लग्न झालं. आदल्या आठवड्यात मी मर्विनच्या दोन बॅगा भरल्या. एडवर्डने त्याची लाल सायकल रिक्षाच्या मागे बांधली. माझं तोंड बघून तो म्हणाला, "पोरगं बापाकडे चाललंय, काळ्या पाण्यावर नाही." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मला वाटलं होतं, मर्विन रडेल. खोटं कशाला बोलू, तो रडावा असं मला वाटत होतं. शाळेच्या ऑफिसात बसून मी दरवर्षी बघते. जूनमध्ये गेटला चिकटून आकांत करणारं पोर जुलैत मागे वळून आईला टाटासुद्धा करत नाही. लोकांच्या पोरांचं मला त्याबद्दल कौतुक वाटायचं. मुलं किती लवकर रुळतात, असं मी पालकांना हसून सांगायची. आपलं पोर तसं करतं तेव्हा कसं वाटतं, ते त्या ऑक्टोबरात कळलं. मर्विन तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला, तो माझ्या टेबलाखाली बसायला नाही, तर डबा दाखवायला. डब्यात फुगे होते, आमच्याकडे सणाला तळतात ते मऊ, गोल फुगे, आणि ते साध्या मंगळवारी. "मम्मीने केलेत," तो म्हणाला, आणि मित्रांबरोबर खायला पळाला.

मम्मी. तिसऱ्या दिवशी.

ते क्लेमेंटने शिकवलं होतं. लग्नाच्या दिवशी मर्विन बेलाला आंटी म्हणाला, तर क्लेमेंटने त्याला बाजूला घेऊन बजावलं की आंटी बाहेरच्या बायकांना म्हणतात, ही घरातली आहे, हिला मम्मी म्हणायचं. मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची तर आमच्या घरात सोयच नाही, पाठीत धपाटा बसतो. पोराने बापाचं ऐकलं आणि विषय संपवला. माझा मात्र तिळपापड झाला. रात्रीचं गाऊनचं टोक, दोन वर्षांच्या चादरी, सगळं एका डब्याने पुसून टाकलं की काय, असं मला झालं.

त्यानंतर आठवडाभराने दोन नोव्हेंबर आला. त्या दिवशी आम्ही आमच्या मृतांच्या कबरी साफ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. संध्याकाळी फादर येऊन प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. ॲंजेलाची कबर मी दोन वर्षं सजवत आले होते. त्या वर्षीही मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून झेंडू घेऊन पापडीला पोचले, तर कबर आधीच सजलेली. गवत उपटलेलं, कडेला पांढरा रंग दिलेला, नावाची अक्षरं ब्रशने घासून चकचकीत केलेली. वर मोगऱ्याचा जाड हार, घरच्या वाडीतल्या फुलांचा. बेला गुडघ्यांवर बसून मेणबत्त्या मातीत रोवत होती. मी दोन वर्षांत जेवढी सुंदर केली नव्हती तेवढी तिने आठ दिवसांत केली होती.

आणि शेजारी बसलेला मर्विन तिला म्हणाला, "मम्मी, माचिस."

माझ्या बहिणीच्या नावापासून वीतभर अंतरावर तो हे म्हणाला. सहज म्हणाला, आणि त्या सहजपणानेच माझ्या अंगाची आग झाली.

हात धुवायचे म्हणून मी त्याला नळापाशी नेलं. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं ते अगदी तयार होतं. त्याला शुद्धिस्थान माहीत होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही रोज त्याचं नाव घेतो. स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे थांबतात आणि आपल्या प्रार्थनेची वाट बघतात, ती जागा. मी खाली वाकून त्याला म्हटलं, "तुझी मम्मी अजून तिथेच आहे. तू दुसऱ्या कोणाला मम्मी म्हणालास ना, तर ती तिथेच राहणार. तिला वरती जायला मिळणार नाही."

त्याने नळ बंद केला. नीट, थेंबही पडणार नाही असा.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, ते देवाला माहीत. आणि हे आपल्या दोघांतलं आहे, डॅडीला सांगायचं नाही, तिलाही नाही. त्याने मान हलवली. सहा वर्षांचं पोर होतं, पण माझ्याशी करार केल्यासारखी त्याने मान हलवली. परत जाऊन तो बेलाच्या शेजारी बसला आणि फादर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला बरं वाटलं. आता लाज वाटते म्हणून तेव्हा वाईट वाटलं होतं असं मी सांगणार नाही. मला बरं वाटलं होतं.

त्या दिवसापासून मर्विनने बेलाला हाक मारणं बंद केलं.

उद्धटपणे नाही. तिचं तो सगळं ऐकायचा, तिच्याशी बोलायचा, हसायचाही. फक्त तिला बोलावायची वेळ आली की तो काहीतरी वेगळंच करायचा. तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. टेबलावर दोनदा टकटक करायचा. ती लांब असली तर सायकलची घंटी वाजवायचा. डॅडी घरात असेल तर डॅडीला हाक मारून म्हणायचा की भूक लागली. पोरं मार्ग काढतात, आणि त्याने असा काढला की क्लेमेंटला कळायलाच महिना लागला.

ते कळलं प्रार्थनेमुळे. आमच्या घरांत संध्याकाळची रोझरी संपली की लहानांनी एकेका मोठ्यापुढे जाऊन आशीर्वाद मागायचा, आणि मागताना नात्याने हाक मारायची. डॅडी, आशीर्वाद. मावशी, आशीर्वाद. बेलासमोर आला की मर्विन नुसती मान वाकवायचा. ती कपाळावर क्रूस काढायची आणि तो पुढे सरकायचा. नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे पापडीला होतो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. क्लेमेंटने सगळ्यांसमोर त्याला विचारलं की मम्मी म्हणायला जीभ झिजते का. मर्विनने डोळे उचलून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलेलं आपण पाळतोय, एवढंच त्याला दाखवायचं होतं. मी काय केलं असेल? त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

बेला म्हणाली, "राहू दे. त्याला वाटेल तेवा म्हनेल." आणि रस्सा वाढायला लागली. मला वाटलं, काय नाटकी बाई आहे.

तिचं ते बोलणंही मला खुपायचं. पानी, कोन, नाय. आमच्या घरची बोली तरी कुठे पुस्तकातली आहे? पण मी शाळेच्या ऑफिसात बसते ना, म्हणून नाक मुरडायचा हक्क माझा. मर्विन एकदा माझ्यासमोर 'पानी' म्हणाला, तर मी त्याला तीनदा 'पाणी' म्हणायला लावलं.

डिसेंबरातच तिने रबराचं कापड स्वच्छ धुऊन, घडी करून माझ्याकडे परत पाठवलं होतं. आता लागत नाही, असा निरोप होता. दोन वर्षं मला जमलं नाही ते तिला सहा आठवड्यांत जमलं. पोर बरं झालं म्हणून मी मेणबत्ती लावायला हवी होती. मी ते कापड कपाटाच्या तळाशी कोंबलं आणि एडवर्डला म्हटलं, बघा, टोमणा कसा मारलाय.

फेब्रुवारीत बेला माझ्या ऑफिसात आली. पहिल्यांदाच आली होती, दारातच उभी राहिली, मी दोनदा सांगितलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली. मर्विनचं पुन्हा सुरू झालंय, म्हणाली. अंथरूण ओलं होतं. झोपेत काहीतरी मोजतो. वर्गात कोणी त्रास देतं का, ते मी विचारेन का, असं तिने मला विचारलं. मग मांडीवरची पर्स सारखी करत म्हणाली, "माझंच कायतरी चुकत असेल. तुमच्याकडे दोन वर्षं होता. तुमी सांगा बाय, मी काय करू?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. पण मला तिची ती अडचण हवीहवीशी वाटली. दोन वर्षं मी त्या ओल्या चादरी धुतल्या, आता तू धू. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं की मुलांना घरात परकं माणूस आलं की असं होतं, वेळ द्यावा लागतो. परकं हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिने मान हलवली. जाताना, घरून आणलेली अळूची जुडी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तो काय मोजतो ते मला कळत होतं. प्रार्थना मोजत असणार. आईला तिथून सोडवायला किती लागतील, त्याचा हिशेब चालला असणार. हे मला त्याच दुपारी उमगलं आणि मी ते बाजूला सारलं. माणूस स्वतःपासून किती गोष्टी लपवू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं. ईस्टरच्या आधी मी कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करायला गेले. सासूवर चिडले ते सांगितलं, उपासाच्या दिवशी मटणाचा रस्सा खाल्ला ते सांगितलं. हे सांगितलं नाही.

बेलाला मात्र एक सवय लागली होती. कुठलंही काम करताना ती दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायची. पोर हाक मारणार नाही, म्हणून आपणच बघत राहायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. चुलीपाशी, मशीनवर, वाडीत, सतत ते मान वळवणं. मी एडवर्डसमोर तिची नक्कल करायची, कोंबडीसारखी मान हलवून. ब्रिटनी हसायची. एडवर्ड हसायचा नाही.

मे महिन्यात एका रविवारी मी दुपारी पापडीला गेले. क्लेमेंटची ड्यूटी होती. मर्विनसाठी आंबे घेतले होते. बेलाकडचे आंबे गोड नसतात, असं मी स्वतःला पटवलं होतं. रिक्षा रस्त्यावर सोडून मी मागच्या वाटेने वाडीत शिरले. ऊन कलायला लागलं होतं. बेला भेंडी तोडत होती. एक पाटी भरून बाजूला ठेवलेली, दुसरी अर्ध्यावर. मला बघून उभी राहिली, पदराला हात पुसले. मर्विन कुठाय, मी विचारलं. तिने मान वळवली. बांधावर लाल सायकल टेकवलेली होती.

"हाय ना इथंच," ती म्हणाली. "सायकल बघून बघून काम करतेय."

पण सायकलपाशी तो नव्हता. घरात नव्हता. तिने शेजारच्या वाडीत डोकावून पाहिलं, तिथेही नव्हता. ती काही न बोलता भराभर चालायला लागली आणि मी तिच्यामागे धावले. मी मोठ्याने हाक मारली, मर्विन.

केळींच्या रांगेपलीकडून बारीक आवाज आला. "मावशी."

तिकडे बावखल होतं. आमच्या वाड्यांमधून असतं ते गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि वर्षभर झाडांना पुरतं. मेमध्ये ते आटतं, मध्ये थोडं पाणी उरतं आणि कडेला चिखल. वरून वाळून तडकलेला दिसतो, पाय टाकला की आत जातो. मर्विन कंबरेपर्यंत त्या चिखलात होता. दोन्ही हातांनी त्याने एक वाळकी झावळी धरली होती. मासे पकडायला नेलेली प्लॅस्टिकची बरणी पलीकडे पडली होती. तो रडत नव्हता. चेहरा पांढरा पडला होता.

मी किंचाळायच्या बेतात होते. बेलाने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं, कारण मी सरळ आत पाऊल टाकणार होते. किनाऱ्यावर वाढलेली बाई, चिखल तिला माहीत होता. तिथेच तोडून टाकलेला केळीचा खांब पडला होता, तो तिने चिखलावर आडवा ढकलला, त्यावर पोटावर पडली आणि पुढे सरकली. पाय झाडू नको, असं ती त्याला हळू आवाजात सांगत होती. मागे रेल, झोपल्यासारखा हो, मी धरलंय. तिने त्याच्या काखांत हात घातले. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. चिखलाने एकदा त्याला सोडलं, पुन्हा धरलं, मग सोडलं. मी काठावर आंब्यांची पिशवी धरून उभी होते.

तिने त्याला उचलून घराच्या मागच्या नळापाशी आणलं, कपडे धुवायच्या दगडावर बसवलं. त्याची एक चप्पल आतच राहिली होती. ती त्याचे पाय चाचपत होती, घोटे वळवून बघत होती. तिच्या नाकाला, केसांना, सगळीकडे चिखल. मग एकदम तिचे हात थांबले.

"किती वेळ होतास?" तिने विचारलं.

त्याने विचार केला. "तू पहिली पाटी भरायला घेतलीस तेव्हापासून."

"मी दिसत होते?"

"केळींमधून पाठ दिसत होती."

बेलाने डोळे मिटले. पाटीभर भेंडी म्हणजे अर्धा तास तरी. वीस पावलांवर. तिने विचारलं, मग हाक का नाही मारलीस. आवाज चढलेला नव्हता, पण आत काहीतरी तुटत होतं ते ऐकू येत होतं.

मर्विनने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणून मारू?" तो म्हणाला. "आंटी म्हणायचं नाही. नाव घ्यायचं नाही. आणि मम्मी म्हटलं तर मम्मी तिथेच राहते ना, मावशी? मी बोललो नाही. एकदापण नाही बोललो."

हे त्याने कौतुकाच्या अपेक्षेने सांगितलं. शाळेत पूर्ण मार्क मिळाले की ऑफिसात वही दाखवायला यायचा, अगदी तसं. चिखल त्याला आत ओढत होता, समोर तिची पाठ दिसत होती, आणि तो माझा शब्द धरून उभा होता. सात महिने मी जळत होते की पोर मला विसरलं. आणि ते पोर माझ्या एका वाक्यासाठी मरायला तयार होतं. तो माझा होता की नाही याचा पुरावा मला हवा होता. मिळाला.

बेला माझ्याकडे वळली. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. नोव्हेंबर, नळ, झोपेतलं मोजणं, ऑफिसातली खुर्ची. माझ्या तोंडावर थुंकली असती तरी मी पुसलं नसतं.

"मला रागावता येत नाय असं नाय, रोझमेरी बाय," ती म्हणाली. "आज नाय रागावत. आज पोराला ऊनऊन पानी घालायचंय." आणि ती आत चुलीवर पाणी ठेवायला गेली.

दगडावर मर्विन आणि त्याच्यासमोर मी. मेच्या उन्हात तो कुडकुडत होता. मी त्याच्यापुढे खाली बसले आणि म्हटलं, "मी खोटं सांगितलं होतं."

त्याला ते कळेना. कोणतं, त्याने विचारलं.

मी म्हटलं, नळापाशी सांगितलं ते. तुझी मम्मी केव्हाच वर पोचली. तू कोणाला काहीही म्हणालास तरी तिला कोणी अडवत नाही. ती माझी बहीण होती, मी तिला चांगली ओळखते. तू चिखलात बुडत असताना हाक मारली नाहीस हे तिला कळलं असेल तर ती तुझ्यावर नाही, माझ्यावर संतापली असेल.

"मग तू खोटं का बोललीस?"

लहान मुलाला सांगता येईल असं एखादं उत्तर मी शोधत होते.

"मला तुझा राग आला होता," मी म्हटलं. "तिचाही. तू तिला मम्मी म्हणालास ते मला सहन झालं नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षं गाऊनचं टोक धरून झोपणारं पोर, पण असं त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी काही सांगितलं की तो आधी जरा थांबतो, खरं आहे का ते बघतो, आणि मग मान हलवतो. आजही. ते मी कमावलंय.

मग त्याने नाक पुसलं आणि दाराकडे तोंड केलं. दार उघडं होतं. आत बेला पाठमोरी, चुलीपाशी वाकून फुंकर घालत होती.

"मम्मी, टॉवेल," तो म्हणाला.

आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकू जाण्याइतका होता. बेलाने मान वळवली नाही. दर दोन मिनिटांनी मान वळवणारी ती बाई त्या हाकेला वळली नाही. त्या घरात ती हाक आपल्यासाठी असेल, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तो आपल्या आईशी बोलतोय, एवढंच तिने धरलं असावं, आणि त्यात आपण पडू नये म्हणून ती तशीच वाकून राहिली.

त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी आणखी हळू. मग माझ्याकडे पाहिलं, की आता काय करायचं.

तेव्हासुद्धा, त्या क्षणीसुद्धा, मला तिचा हेवा वाटत होता. मी उठले आणि दारात गेले.

"अगं बेला," मी म्हटलं, "तुला हाक मारतोय तो."